पैसे देल्ले नं, मंग हे पुसते कोनाले? : गेम कन्सोलवाल्या कंपन्यांना खुलं पत्र

गेमचे कन्सोल अन् गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या साहेब लोकहो,

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो. गाव तालुक्यापासून सतरा किलोमीटर आत आहे, गावाचं नाव लिहत नाही कारण ह्या खेळण्यावर मी किती पैसे घातले हे सगळ्या गावाला कळायची गरज नाही. तालुक्याला माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, घरी बाबांचं साडेचार एकर कोरडवाहू वावर, त्यात पराटी अन् तूर. म्हणजे सर्व्हर काय असते हे मला शिकवायची गरज नाही, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा लोकांना सांगतो, सातबारा असो की पीक विमा असो. पण हेच वाक्य एक दिवस माझ्याच घरात, माझ्याच पैशानं आणलेल्या मशीनकडून मलाच ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

झालं असं की यंदा दिवाळीत पोरासाठी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घेतला. कोणत्या कंपनीचा ते लिहत नाही, तुम्ही सगळे थोड्याफार फरकानं एकाच वाटेनं चालून राहिले म्हणून हे पत्र सगळ्यांनाच आहे. पोरगा नववीत, तीन वर्षांपासून मागे लागला होता, तान्ह्या पोळ्याला मिळालेला बोजारा पण त्यानं डब्यात जमवून ठेवला होता, तो फोडला तर दोन हजार तीनशे निघाले, बाकीचे मी टाकले. डिस्क न लागणारा डिजिटलवाला स्वस्त होता तरी मुद्दाम डिस्कवाला घेतला. दुकानदार म्हणे काऊन? मी म्हटलं भाऊ आमच्या गावात नेट नसल्यासारखंच, डिस्क असली म्हणजे टाकली की सुरू. तो काही बोलला नाही, नुसता हसला. ते हसणं मला घरी आल्यावर समजलं.

पाडव्याच्या दिवशी खोका उघडला. बायकोनं मशीनला हळदीकुंकू लावलं, पोराचे चार दोस्त येऊन बसले, बाबा खाटेवर. मशीन सुरू केलं तर पहिलं म्हणे डिस्क ड्राइव्हची नोंदणी करायची आहे, इंटरनेट जोडा. बरं बापा. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, तिथं बांबूला पिशवीत फोन लटकवून हॉटस्पॉट चालू केला, तीन वेळा तुटला, चौथ्यांदा नोंदणी झाली. मग डिस्क टाकली. थोडा वेळ ती घरघरली अन् मग स्क्रीनवर आलं की उरलेला गेम डाउनलोड करा, नव्वद जीबी. पोरगा म्हणे पप्पा गोल फिरून राहिलं. पाऊण तास ते गोल फिरलं, एक टक्का झाला नाही, दोस्त एकेक करून आपापल्या घरी गेले. तेवढ्यात बाबा खाटेवरून बोलले, "पैसे देल्ले नं तुनं? मंग हे आता कोनाले पुसून रायलं?"

साहेब, हे पूर्ण पत्र त्या एका प्रश्नाचं आहे. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून तुम्हाला विचारून राहिलो.

मोबाईलचं रिचार्ज दिवसाला दोन जीबीचं आहे, नव्वदला दोननं भागा, पंचेचाळीस दिवस, तेही घरातल्या कोणी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं नाही तर. केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे, तिथून पुढं घरोघरी यायची ती अजून येऊन राहिली. शेवटी काय केलं, मशीन चादरीत गुंडाळलं, गाडीवर पोराच्या मांडीवर ठेवलं अन् सतरा किलोमीटर दुकानात नेलं, रात्रभर डाउनलोडला लावून शटर पाडून घरी आलो. रात्री अडीचला लाइन गेली. सकाळी सुरू केलं तर म्हणे स्टोरेज दुरुस्त करतो आहे, मशीन नीट बंद केलं नव्हतं तुम्ही. मी नाही केलं बापा, डीपी जळली. दुसऱ्या रात्री झालं एकदाचं. तिकडे चॅटवर तुमच्या कस्टमर केअरला दोन दिवस विचारून राहिलो होतो की डिस्क घेऊनसुद्धा नव्वद जीबी काऊन लागते, तर प्रत्येक वेळी एकच उत्तर, कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा. माझं इंटरनेट मी पंधरा वर्षांपासून तपासून राहिलो, साहेब.

आता म्हणाल की हा माणूस जुन्या आठवणीत रमणारा आहे, आमच्या काळी असं होतं तसं होतं. नाही. नवीन मशीन काय चीज आहे हे मला दिसते. दुकानातच थोडा वेळ खेळून पाह्यला, पाण्यावर उजेड पडतो तो खरा वाटते, बंदुकीचा घोडा दाबला की बोटाला ताण जाणवते, अख्खं शहर दोन सेकंदात लोड होते. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी वेगळा कंट्रोलर काढला, हे असलं काही जुन्या काळात कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. अन् जुन्यात कचरा काय कमी होता का, अटारी कंपनीचा १९८२ चा ई.टी. नावाचा गेम इतका पडला की त्याच्या कॅसेट जमिनीत गाडल्या होत्या, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या डेपोतून त्या उकरून काढल्या. तर जुनं सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाही, माझं म्हणणं वेगळंच आहे, अन् ते सांगायला मला एक कबुली द्यावी लागते.

१९९८ ची गोष्ट. मी सहावीत. कापूस तेव्हा फेडरेशनला जायचा, एकाधिकार खरेदी होती, चुकारा कधी येईल त्याचा नेम नसायचा. त्या वर्षी चुकारा आला अन् बाबा यवतमाळहून येताना एक खोका घेऊन आले. आत पांढरा-लाल व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक अन् एक पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' लिहलेलं. निघाले मोजून आठ गेम, बाकी तेच ते वेगळ्या नंबरानं. ते मशीन नकली होतं. निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला त्याची ती चायनाची कॉपी, कॅसेट पण नकली, मारिओ बनवणाऱ्याला आमच्या घरातून एक पैसा गेला नाही. ओरिजिनल मशीन आमच्या तालुक्यापर्यंत आलंच नव्हतं, पण ते असो, चोरीचा माल तो चोरीचाच. हे मी उघड लिहून राहिलो कारण गंमत पुढं आहे. ते चोरीचं मशीन आमच्या घरी वीस वर्षं चाललं, कोणाला काही न विचारता. अन् आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पैसे देऊन, पावती घेऊन असली माल आणला तर तोच मला रोज विचारून राहिला की तू चोर तर नाही ना.

जुनं मशीन माहीत नसलेल्या पोट्ट्यांसाठी थोडं सांगतो, साहेबांना माहीत असेलच. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, मेमरी २ किलोबाइट. १९८५ चा सुपर मारिओ, आठ दुनिया, बत्तीस लेव्हल, हे सगळं ४० किलोबाइटात बसवलं होतं. जागा वाचवायला ढग अन् झुडुप एकाच चित्राचे केले, ढगाला पांढरा रंग अन् झुडपाला हिरवा. हे मला आता आता कळलं, लहानपणी हजार वेळा पाह्यलं तरी दिसलं नव्हतं. माझ्या नव्वद जीबीत तसे तेवीस लाखाच्या वर मारिओ मावतील, हिशोब करून पाहा. मोठा गेम बनवू नका असं मी म्हणत नाही, पण ती काटकसर पाहून कोरडवाहूवाल्याचा जीव खूष होते.

अन् ती बंदूक. बदकं उडायची, त्यांना मारायचं. आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघते, पण निघत काहीच नव्हतं, उलट बंदूक पाहायची. घोडा दाबला की टीव्ही क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी अंधार अन् मग उजेड दिसला की बदक मेलं. आमच्यातला एक जण लै हुशार, त्यानं बल्बकडे बंदूक धरून पाह्यली, नाही चालली, कारण बल्ब काळा होत नाही ना मधी. जुन्या डब्बा टीव्हीवरच ती चालायची, आताच्या एलईडीवर चालत नाही, मी पोराला दाखवायला गेलो अन् तोंडघशी पडलो. पण बदक मेलं की नाही ह्याचा सगळा निकाल आमच्या ओसरीतच लागायचा, अमेरिकेतल्या कोण्या मशीनला विचारून नाही.

त्रास त्यालाही होता. सेव्ह करायची सोय नव्हती. एकदा मी मारिओत ८-३ ला, म्हणजे आठव्या दुनियेच्या तिसऱ्या लेव्हलला पोचलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा, मागे अकरा पोट्टे श्वास धरून बसले होते अन् लाइन गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, निन्टेन्डोवाले म्हणायचे फुंकू नका पिना गंजतात, पण ऐकते कोण. रिमोटचं बटन दबेनासं झालं की तालुक्याला टीव्ही दुरुस्तीवाले काका होते, चार स्क्रू काढायचे, रबराचं पॅड उचलायचे, खालचा काळा कार्बन स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे अन् दहा रुपये घ्यायचे. दोन-चार वेळा बाजूला उभं राहून पाह्यलं अन् मग मी घरीच करायला लागलो, कार्बन गेला असला तर पेन्सिलीचं शिस घासायचं, चालायचं महिना दोन महिने.

आता तक्रारी.

पहिली, डिस्कच्या नावाखाली रिकामा डबा विकू नका. हे माझ्या एकट्याचं नाही. २०२२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा मॉडर्न वॉरफेअर २ आला तेव्हा सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर जेमतेम सत्तर एमबीच्या आसपास माल होता, बाकी सगळा डाउनलोड. २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ कन्सोल आला, त्यात तर गेम-की कार्ड म्हणून प्रकार काढला, कॅसेट दिसते, खोक्यात येते, पण आत गेम नाही, नुसती किल्ली. निदान ते खोक्यावर तसं लिहतात तरी. माझ्या खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात "इंटरनेट आवश्यक असू शकते" एवढंच होतं. असू शकते म्हणजे काय? बियाण्याच्या पिशवीवर उगवण किती टक्के ते छापावं लागते, "उगवू शकते" असं लिहून चालत नाही. पुन्हा जुन्या काळी कॅसेटमध्ये एकदा गेम गेला की सुधारायची सोय नव्हती, म्हणून तो पूर्ण करूनच पाठवावा लागायचा. आता कच्चाच पाठवायचा अन् मागून अपडेट. २०२० च्या डिसेंबरात सायबरपंक २०७७ नावाचा गेम इतका कच्चा आला की सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाईन दुकानातून काढून टाकला, परत यायला पुढचा जून उजाडला. शहरातल्या माणसाला मागून अपडेट मिळालं. ज्याच्याकडे नेट नाही त्याच्याकडे डिस्कवरचा कच्चाच गेम राहणार ना?

दुसरी तक्रार शब्दाची आहे अन् ती मला जास्त लागते, कारण माझं दुकानच कागदांचं आहे. डिजिटल गेमवर तुम्ही "खरेदी करा" असं बटन देता. आमच्याकडे वावर विकत घेतलं तर खरेदीखत होते, फेरफार होते, सातबाऱ्यावर नाव चढते. अन् मक्त्यानं घेतलं तर त्याला मक्ताच म्हणतात, अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा मक्त्याच्या वावराला माझं वावर म्हणत नाही. तुम्ही मक्त्याच्या मालाला खरेदी म्हणून राहिले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं ह्याच्यावर कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, की हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय "खरेदी" शब्द वापरायचा नाही. तिथं सांगता तर इथं सांगायला काय होते?

तिसरी गोष्ट ह्यातूनच निघते. मक्ता संपला की तुम्ही धुऱ्यावर उभे राहून सांगता की आता निघा. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता, २०१४ चा, एकटा खेळला तरी त्याला सर्व्हर लागायचा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला अन् पैसे दिलेल्यांच्या कपाटातल्या डिस्क ताटलीसारख्या झाल्या. त्यावरून युरोपात लोकांनी सह्यांची मोहीम उघडली, २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखाच्या वर सह्या गेल्या. गेम कायम चालवा असं ते म्हणत नाहीत, बंद करताना चालू अवस्थेत आमच्या हातात देऊन जा एवढंच म्हणतात. आम्ही शकुंतला रेल्वे बंद पडताना पाह्यली आहे, दारव्ह्यावरून जायची ती, पण ती बंद झाली तेव्हा निदान आमच्या खिशातलं जुनं तिकीट कोणी काढून नेलं नव्हतं.

आणि शेजारी बसून खेळणं. फॅमिकॉमला दोन रिमोट जोडूनच यायचे. टँकचा गेम आठवते का कोणाला, दोघांनी मिळून मधला गरुड वाचवायचा, त्यात स्वतःचा नकाशा पण बनवता यायचा विटा मांडून, आम्ही तर आमच्या गावाचाच बनवला होता, नाला अन् मारुतीचं देऊळ दोन्ही. अकरा पोट्टे दोन रिमोट, एक जीव मेला की रिमोट पुढच्याला, भांडण झालं की आजी चुलीतलं लाकूड घेऊन यायची. आता बहुतेक खोक्यांत एकच कंट्रोलर, दुसरा घ्या पाच-सहा हजाराचा, अन् घेतला तरी पुष्कळ गेम एका टीव्हीवर दोघांना खेळूच देत नाहीत, दोस्ताकडे त्याचा वेगळा कन्सोल पाहिजे, त्याचा वेगळा गेम, बहुतेक ठिकाणी वरून ऑनलाईनची वर्गणी. पोराचा दोस्त भिंतीपलीकडे राहते, साहेब. ओसरीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन पोरांना एकमेकांशी खेळायला आधी तुमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायचं.

आता नंबर चुकला माझा, पण उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. प्लेस्टेशन ५ वापरायचं तापमान कंपनीनं ५ ते ३५ डिग्री दिलेलं आहे. दुसऱ्यांचं पण काही फार वेगळं नसेल. आमच्याकडे मार्च संपता संपता ३५ ओलांडते ते जून अर्धा होईपर्यंत खाली येत नाही, मे महिन्यात ४५ म्हणजे कोणी बातमी पण करत नाही. अन् पोरांना खेळायला वेळ नेमका तेव्हाच असते, विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात त्या ह्याच उन्हामुळे. कूलरपुढं मशीन ठेवावं तर दमट हवा, नाही ठेवावं तर पंखा विमानासारखा ओरडते. नवीन मशीन खेळताना दोनशे वॅटच्या आसपास खाते, जुनं एका छोट्या अडॅप्टरवर चालायचं, इन्व्हर्टरला पत्ता लागायचा नाही. मोठ्या मशीनला जास्त लाइन लागणारच, समजते मला, पण पुस्तिकेत ३५ लिहून हात झटकायचे अन् माल मात्र यवतमाळ चंद्रपुरात विकायचा हे बरोबर नाही.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. महिन्याभरात कंट्रोलरची काडी आपोआप डावीकडे सरकायला लागली, माणूस उभा असला तरी चालत राहते. आतमध्ये घासून काम करणारा भाग असते, तो झिजतो. चुंबकावर चालणारी न झिजणारी काडी सेगा कंपनीनं १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलमध्ये लावली होती, म्हणजे जमत नाही असं नाही. सर्व्हिस सेंटर कुठं, तर नागपूर, जाऊन येऊन एक दिवस अन् मजुरी वेगळी. ते टीव्हीवाले काका अजून आहेत, सत्तरीचे झाले. त्यांनी कंट्रोलर उघडून पाह्यला, नीट बंद केला अन् म्हणाले, "भाऊ, याचा पार्ट कोनी देत नाही, अन् देला त तो अंदर कोड मांगते का मालूम नाही." दहा रुपये पण घेतले नाहीत. केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं पण आहेत अन् इलेक्ट्रॉनिक्स पण, तर ट्रॅक्टरवाल्यांना जे सांगता येते ते तुम्हाला पण सांगता येईल.

इतकं लिहून उपयोग काय असं बायको विचारून राहिली. उपयोग आहे, कारण तुम्ही ऐकता हे मला माहीत आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन यायच्या आधी ठरलं होतं की दर चोवीस तासांनी मशीन इंटरनेटला जोडलंच पाहिजे. तेव्हाच्या एका मोठ्या साहेबानं तर ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे जुना एक्सबॉक्स ३६० आहे ना, असं उत्तर दिलं होतं. लोक इतके भडकले की त्याच वर्षी जूनमध्ये निर्णय मागे. (त्या ३६० चं ऑनलाईन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं, म्हणजे तो रस्ता पण गेला.) २०२१ मध्ये सोनी प्लेस्टेशन ३ अन् हातात धरून खेळायच्या व्हीटाचं ऑनलाईन दुकान बंद करणार होती, लोकांनी ओरड केली, एप्रिलमध्ये माघार. त्याच वर्षी लोकांच्या लक्षात आलं की प्लेस्टेशन ४ मधला घड्याळाचा छोटा सेल मेला अन् कंपनीचा सर्व्हर पण नसला तर विकत घेतलेली डिस्कसुद्धा चालणार नाही, त्यावर बोंब झाली अन् सप्टेंबरच्या अपडेटमध्ये ते गुपचूप दुरुस्त झालं. तर ऐकता तुम्ही. फक्त आतापर्यंत ओरडले ते सगळे इंटरनेटवाले होते. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांची ओरड तुमच्यापर्यंत पोचणार कशी, म्हणून माझ्या दुकानातून मी त्यांच्या वतीनं लिहून राहिलो, जसे त्यांचे बाकीचे फॉर्म भरतो तसा हा एक.

मागण्या अशा.

डिस्क किंवा कॅसेट विकली तर तिच्यात पूर्ण गेम पाहिजे, एकट्यानं खेळायचा भाग तरी, इंटरनेट एकदाही न जोडता सुरू होणारा. ज्यात तसं नसेल त्याच्या खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या आकड्यात लिहा, इतके जीबी डाउनलोड, नेटशिवाय चालत नाही. मराठीत लिहलं तर फारच चांगलं, नाही तर निदान आकडा, आकडा सगळ्यांना वाचता येते.

मशीनच्या सिस्टिमचं अपडेट तुमच्यातले काही जण पेनड्राइव्हवर घेऊ देतात, कॉम्प्युटरवर उतरवायचं अन् मशीनला लावायचं. मग गेमचं अपडेट तसं काऊन देत नाही? ही एक गोष्ट केली ना तर अर्धे प्रश्न मिटतात. माझ्यासारखं एक दुकान प्रत्येक बाजाराच्या गावी आहे, पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतील, वीस रुपयात काम होईल, मशीन चादरीत गुंडाळून न्यायची गरज नाही. डिस्क ड्राइव्हची नोंदणी पण दुकानदाराकडे, बिल फाडतानाच होऊ द्या.

सर्व्हर बंद करायचा असला तर त्याआधी तो गेम सर्व्हरशिवाय चालेल असा करून द्या. काडी, बटन, पंखा असले झिजणारे पार्ट खुल्या बाजारात विका, त्यात कोडबिड न टाकता, अन् कसं बदलायचं त्याचा कागद सोबत द्या, टीव्हीवाल्या काकांना तेवढं पुष्कळ आहे. दुसरा कंट्रोलर खोक्यात द्या किंवा साधा, न थरथरणारा, हजार-दीड हजाराचा एखादा काढा.

गुनपेई योकोई नावाचे तुमच्याच धंद्यातले साहेब होते, आज जवळपास प्रत्येक कंट्रोलरवर जे अधिकच्या चिन्हाचं बटन आहे ते त्यांनी १९८२ मध्ये आणलं, १९८९ चा गेम बॉय पण त्यांचाच, चार पेन्सिल सेलवर चालणारा. त्यांचं म्हणणं असायचं की जुनं, स्वस्त झालेलं, हात बसलेलं तंत्र घ्या अन् त्यातून नवीन खेळ काढा. तुमच्याकडे हे सगळं आहे, मी काही चंद्रावरचं मागून राहिलो नाही.

उत्तर मराठीत नाही जमलं तर हिंदीत द्या, इंग्रजीत दिलं तरी पोरगा वाचून दाखवेल, पण माणसानं लिहलेलं द्या. "कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा" हे वाक्य त्यात नको.

आपला,
पावती असलेला एक ग्राहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. : उत्तर मार्चच्या आत आलं तर बरं. त्यानंतर तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे मशीन पावसाळ्यापर्यंत बंद ठेवावं लागते.